बसा म्हणणारं पेज

रोज सकाळी चहाच्या वेळी माझी सून मोबाईल माझ्यापुढे धरते. "बाबा, पाहा, तुमच्या खात्याचं." खातं म्हणजे पोलीस खातं, माझी सारी उमर त्यात गेली. मोबाईलवर एक साहेब गाडीतून उतरत असतो. साधा उतरत नाही. आधी दार उघडतं, मग बूट दिसतो, मग गॉगल, मागे ढोल-ताशे, आणि साहेब असा हळूहळू चालतो की वाटावं, बिचाऱ्याचे गुडघे धरले आहेत. खाली लोकांनी टाकलेल्या आगीच्या आणि वाघाच्या चित्रांची रांग. सून खूश. मी म्हणतो, "ते असू दे. खाली त्या बाईनं काय लिहिलंय ते वाच." खाली कोण्या बाईनं लिहिलेलं असतं की माझी गाडी चोरीला गेली, ठाण्यात कोणी ऐकून घेत नाही, साहेब काही करा. तिला कोणी उत्तर दिलेलं नसतं. इथं माझं डोकं फिरतं. चहा थंड होतो, राजापेठेतली सकाळची पों-पों खिडकीतून आत येत राहते, आणि मला शकीलाआपा आठवते.

आपा असती तर त्या बाईला पहिलं उत्तर गेलं असतं, "बसा ताई. पानी घ्या. मंग सांगा."

ठाण्याचं नाव मी घेत नाही. रिटायर झालो तरी नसती भानगड कशाला? अकोट ते अकोल्याच्या पट्ट्यातलं कुठलंसं समजा. पुढे आठवडी बाजार, बाजूला एसटीचा स्टँड, मागे जिनिंगचं पत्र्याचं छत. ठाण्याला एक ओटा होता आणि त्या ओट्यावर आपाचा माठ. हेड कॉन्स्टेबल शकीला पठाण. लोक तिला कोणी म्याडम म्हणत, कोणी जमादारीण. आम्ही ठाण्यातले सारे आपा म्हणायचो, अगदी तिच्याहून वयानं मोठे असलेलेही. मी तिथं लिखापढीच्या टेबलावर होतो. आपाचं टेबल माझ्या समोर, दरवाज्याच्या तोंडाशी. ती जागा तिनं मुद्दाम मागून घेतली होती, कारण आत येणारा माणूस आधी तिच्यापुढे येई.

ठाण्यात कोण येतं? ज्याचं काही गेलं आहे तो. तो रागानं येतो नाहीतर रडत येतो. आमच्याकडची पद्धत अशी की आलेल्याला आधी उभं ठेवायचं. "काय झालं? कुठलं गाव? उद्या ये." आपाची पद्धत उलटी. खुर्ची पुढे सरकवायची, "बसा," म्हणायचं, माठातलं पाणी स्टीलच्या पेल्यात द्यायचं आणि पेला रिकामा होईपर्यंत एक शब्द विचारायचा नाही. दारुडा असो, पाटील असो, रात्रीतून नवऱ्यानं घराबाहेर काढलेली बाई असो. एकदा हातकडीतल्या चोराला तिनं पाणी दिलं तर एक शिपाई म्हणाला, "आपा, याले बी?" ती म्हणाली, "कावून, याले तहान लागत नाई का बाप्पा?"

कोणी आलेल्यावर खेकसलं की तिचं एक वाक्य ठरलेलं होतं. "दरवाजा सरकारचा हाय, माया बापाचा नाई अन् तुया बापाचा बी नाई." हे ती शिपायाला म्हणे, मला म्हणे, आणि एकदा तर तिनं ठाणेदारालाच म्हटलं होतं. त्यावरूनच ते पेज तिच्या गळ्यात पडलं.

झालं असं. वरून हुकूम आला की जनतेशी संवाद वाढवायचा आहे, सबब प्रत्येक ठाण्यानं मोबाईलवर स्वतःचं पेज काढावं. तरणे शिपाई सारे दिवसभर मोबाईलमध्येच घुसलेले असत, पण काम म्हटल्यावर एकाएकी कोणालाच काही येईना. ठाणेदार साहेब नवे होते, तिशीतले, केसांना रोज जेल लावणारे. आपानं त्यांना दरवाज्याचं वाक्य ऐकवून दोनच दिवस झाले होते. ते हसून म्हणाले, "शकीलाबाई, तुम्हाला लोकांशी बोलायची फार हौस आहे ना? घ्या मग. आता साऱ्या दुनियेशी बोला."

सारे खो-खो हसले. आपाजवळ तेव्हा बटणांचा मोबाईल होता. ती माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "काळेभाऊ, मले एक सांगा. त्या पेजवर लोकं येतीन अन् बोलतीन?"

"हाव."

"अन् आमी त्याईले जवाब द्याचा?"

"द्यायचा असला तर."

"म्हंजे आपला ओटाच झाला ना तो!" ती म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला की मला पुढचं लक्षण काही ठीक दिसेना.

मुख्यालयातून रोज सकाळी टाकायला चित्रं येत. गुलाबाचं फूल, त्यावर दव आणि खाली सुविचार. आपानं पहिल्याच दिवशी ते फूल चष्मा खाली करून पाहिलं. "पोलिसानं सकायी सकायी गुलाब देल्ला तं मानूस भेईन ना!" म्हणाली आणि टाकलंच नाही. तिची पहिली पोस्ट होती एका तुरीच्या पोत्याची. बाजाराच्या रस्त्यावर कोणाच्या तरी गाडीवरून ते पडलं होतं आणि होमगार्डनं ठाण्यात आणून ठेवलं होतं. आपानं लिहिलं, "पोतं ओट्यावर हाय. तोंड कशानं शिवलं ते सांगाल तं न्याल." दिवसभरात माणसं आली. कोणी सुतळी म्हणे, कोणी तार. दुपारी एक म्हातारी आली आणि म्हणाली, "बाई, माया जुन्या लुगड्याच्या काठानं शिवलं हाय." पोतं तिचं होतं. आपानं तिचा पोत्यासकट फोटो टाकला. त्या दिवसापासून गावातली माणसं पेज पाहायला लागली.

पेजसाठी तिनं नवा मोठा मोबाईल घेतला आणि त्यावर ती एका बोटानं टाइप करायची, उजव्या हाताच्या. डाव्या हातात अडकित्ता आणि गालात सुपारीची कतरण. चष्मा नाकाच्या टोकावर. लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणे, त्यामुळे ठाण्यात कोणाला कोणती तक्रार आहे हे साऱ्यांनाच कळे. आणि प्रत्येक उत्तराची सुरुवात 'बसा'नं. बसा दादा. बसा काकू. बसा सर. अकोल्याच्या एका शिकलेल्या माणसानं विचारलं की मॅडम, मी घरीच बसलेलो आहे, तुम्ही बसा कशाला म्हणता? आपानं लिहिलं, "बसा. घरी बसले असान तरी बसा. आमच्याइथं उभ्या मानसाशी बोलत नसते." मुख्यालयातून फोन आला की ही भाषा खात्याला शोभत नाही, प्रमाण मराठीत लिहा. ती म्हणाली, "साहेब, शोभाचं काम तुमी करा. मी जवाब देतो."

बाबाराव गावंड्याचा किस्सा तेव्हाचा. त्याच्या वावरातल्या विहिरीवरून मोटारीची केबल चोरीला गेली. त्या दिवसांत केबलचोरांनी उच्छाद मांडला होता. आतलं तांबं काढायचं आणि भंगारात विकायचं. आधीच पिकाचा भरवसा नाही, त्यात उभ्या पिकाला पाणी देता येईना म्हटल्यावर माणूस चवताळणारच. बाबारावानं पेजवर लिहिलं, "पोलीस झोपले काय?" आणि पुढे आमच्या साऱ्यांच्या आयांचा उद्धार केला. ठाणेदार साहेब लालबुंद झाले. "काढून टाका ही कमेंट. ब्लॉक करा त्याला. उचलून आणा!"

आपा जागची हलली नाही. "साहेब, ओट्यावर आलेल्या मानसाले गचांडी धरून बाहेर काढता का तुमी?"

"शिव्या देतो तो!"

"देते. त्याची केबल गेली, तुमची गेली का?" आणि तिनं एका बोटानं, मोठ्यानं म्हणत लिहिलं, "बसा बाबारावभाऊ. पानी घ्या. हाव, त्या रात्री तुमच्या शिवारात गस्त नव्हती. आमी झोपलोच व्हतो. शिवी आमाले द्या, मायले नोको, माय तुमाले बी हाय. उद्या सकायी विहिरीवर येतो."

साहेबांनी कपाळावर हात मारला. पोलिसांच्या पेजवर पोलीसच लिहितात की आम्ही झोपलो होतो! पण दुसऱ्या दिवशी ती खरंच गेली. केबल काही सापडली नाही, मी खोटं कशाला सांगू? तरी त्या आठवड्यापासून त्या शिवारात गस्त सुरू झाली. बाबाराव एके दिवशी ठाण्यात आला, खुर्चीवर बसला, पेलाभर पाणी प्याला आणि गेला. नंतर कमेंटमध्ये त्यानं दोन्ही हात जोडलेलं चित्र टाकलं होतं.

आता वामनरावाबद्दल सांगतो. सारं प्रकरण त्याच्यावरूनच घडलं.

वामनराव इंगोले फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. स्टँडला लागून पत्र्याचं दुकान, समोर पंपांची रास. बोलणं कमी, पांढरा सदरा, खिशात पाना. पोलिसांना पंच लागतो हे तुम्हाला माहीत असेलच. कुठं धाड घातली, माल पकडला, की जे दिसलं ते खरं आहे म्हणून सही करणारी दोन बाहेरची माणसं लागतात. आणि गावात पंच शोधणं म्हणजे काय तमाशा असतो! शिपाई चौकात दिसला की पानठेल्यावरची गर्दी गुल होते. कोणाची म्हैस व्यालेली असते, कोणाचा दात दुखतो. कोर्टाच्या चकरा कोण मारणार? वामनराव मात्र येई. आपानं त्याला कधीतरी समजावलं होतं की खरं पाहणारा कोणी उभाच राहिला नाही, तर आमचे लोकही काहीही लिहितील. त्याला ते पटलं. तेव्हापासून "आपानं बोलावलं" एवढा निरोप गेला की तो हातातला पाना खाली ठेवून निघे.

बोंडअळीनं पऱ्हाटी, म्हणजे उभा कापूस, खाल्ली, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. त्या वर्षी बोगस बियाणं विकणारा म्हणजे खुन्यापेक्षा वाईट. खुनी एकाला मारतो, हा गावाचं अख्खं वर्ष मारतो, असं लोक म्हणायचे. आमच्या ठाण्यानं एका गोडाऊनवर धाड घातली आणि बोगस पाकिटांचा ढीग पकडला. आपा तेव्हा अकोल्याला बंदोबस्तावर होती. शिपाई वामनरावाकडे गेला आणि म्हणाला, "आपानं बोलावलं." वामनराव आला. मालक मागच्या दारानं पळाला होता, तो संध्याकाळी सापडला. पण साहेबांना फोटोची घाई. पाकिटांचा ढीग पुढे, मागे सारे खाकी, आणि कोपऱ्यात पांढऱ्या सदऱ्यातला वामनराव. दुसरा पंच साहेबांच्या मागे झाकला गेला, त्याची नुसती टोपी दिसत होती. संध्याकाळी मालक हाती लागल्याबरोबर साहेबांनी स्वतःच्या मोबाईलवरून, स्वतःच्या हातानं, दुपारचाच फोटो पेजवर टाकला आणि वर लिहिलं, "बोगस बियाण्यांच्या साठ्यासह आरोपी जेरबंद."

फोटोत साध्या कपड्यातला माणूस एकच.

मग काय विचारता! गावागावांच्या ग्रुपवर तो फोटो फिरला. कोणी वामनरावाच्या डोक्याभोवती लाल गोल काढला. "पंप दुरुस्तीच्या आडून हा धंदा." "याला भर चौकात फोडा." ज्यांचे पंप त्यानं फुकट नीट करून दिले होते, त्यांनीही लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या शटरवर शेण फेकलेलं होतं. लोक येत, आपापला पंप राशीतून ओढून काढत आणि घेऊन जात. तिसऱ्या दिवशी दुकान उघडलंच नाही.

आपा परत आली आणि तिनं तो फोटो पाहिला. मी तिला इतकी वर्षं पाहत होतो, पण तिचा आवाज चढलेला कधी ऐकला नव्हता. त्या दिवशीही चढला नाही. तिनं फक्त विचारलं, "मायं नाव सांगून बोलावलं त्याले?" शिपायानं मान खाली घातली. ती सरळ साहेबांच्या खोलीत गेली.

साहेबांनी लगेच पोस्ट काढून टाकली. "झालं? चूक झाली, दुरुस्त केली. विषय संपला."

विषय कुठला संपतो! फोटो लोकांच्या मोबाईलमध्ये होताच. पोस्ट गायब झालेली पाहून दुपारपर्यंत नवी बोंब उठली, की पंपवाल्यानं पैसे चारले, पोलिसांनी फोटो उडवला. आधी तो नुसता चोर होता, आता पोलिसाला विकत घेणारा चोर झाला.

आपा मला घेऊन त्याच्या घरी गेली. वामनराव ओसरीत बसला होता, तोच पांढरा सदरा, दाढी वाढलेली. आपानं काही समजावलं नाही, काही धीर दिला नाही. त्याच्यासमोर जमिनीवर बसली. तो म्हणाला, "आपा, मी पंचच होतो ना? तुमी सांगा. सारे म्हणून राहिले तं मले बी कसंतरीच वाटून राहिलं."

आपाचे डोळे भरले. माझेही भरले, त्यात लपवायचं काय? उठताना ती एवढंच म्हणाली, "वामनराव, जिथं तुमचं नाव गेलं तिथंच ते वापस येईन. नाई आनलं तं ही वर्दी उतरवून देतो."

मग सुरू झाली लढाई. आपाचं म्हणणं सरळ होतं. त्याच पेजवर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहा की हा माणूस पंच आहे आणि चूक आमची आहे. साहेब म्हणत, पोलीस असं लेखी देत नसतात. आरोपीचा वकील त्याचा फायदा घेईल. मुख्यालय काय म्हणेल? माझी बदली होईल. शेवटचं कारण खरं होतं, बाकीची वकिली. आपा रोज सकाळी साहेबांच्या दारात उभी राही. "साहेब, लिहू का?" "नाही." "बरं. उद्या इचारतो." साहेब चिडले, ओरडले, तिला सुट्टीवर जा म्हणाले. ती दुसऱ्या दिवशी हजर. "साहेब, लिहू का?" तेवढ्यात त्यांनी पेजचा कारभार तिच्याकडून काढून घ्यायचा हुकूम तोंडी दिला, पण ते रोजचं काम अंगावर घ्यायला ठाण्यात दुसरं कोणीच तयार नव्हतं.

आठवडी बाजाराचा दिवस आला. आपाची ड्युटी बाजाराच्या बंदोबस्तावर होती. तिनं ओट्यावरचा माठ उचलला, माझ्या हातात खुर्ची दिली आणि म्हणाली, "काळेभाऊ, चला." आम्ही भर बाजारातून वामनरावाच्या दुकानापुढे आलो. तिनं शेण वाळलेल्या त्या शटरपुढे खुर्ची मांडली, बाजूला माठ ठेवला. माणूस पाठवून वामनरावाला बोलावलं. तो खाली मान घालून आला तर त्याला म्हणाली, "बसा. पानी घ्या." साऱ्या बाजारासमोर त्यानं पाणी प्यायलं. मग तिनं आपला मोठा मोबाईल माझ्या हातात दिला. "लाइव्ह लावलं हाय. पकडून ठेवा. हलू देऊ नोका."

हलू देऊ नका म्हणे! माझी नोकरी होती, घरात पोरीचं लग्न ठरत होतं, हात लटलट कापत होते. म्हणून तो व्हिडिओ पाहाल तर अजूनही हलतो.

आपा उभी राहिली. टोपी नीट केली. नाव सांगितलं, बक्कल नंबर सांगितला, ठाणं सांगितलं. खिशातून एक कागद काढला आणि पंचनामा वाचतात तसं वाचायला लागली. ती भाषा आमच्याकडे शेंबड्या पोराला पाठ असते. "आज रोजी, भर बाजारात, समक्ष पंच असे दिसून आले की, आमच्या ठाण्याने पेजवर टाकलेल्या फोटोतील पांढरा सदरा घातलेले इसम वामनराव इंगोले हे आरोपी नसून पंच आहेत. ते आमच्या बोलावण्यावरून आले होते. त्यांना आरोपी दाखवणारे आम्ही, म्हणजे पोलीस. ही चूक पोलिसांची आहे. फोटो काढून टाकण्यासाठी कोणी एक पैसा दिला-घेतलेला नाही. सबब पोलिसांतर्फे मी त्यांची माफी मागते."

मग कागद खाली केला आणि आपल्या बोलीत म्हणाली, "पंचनाम्यावर पंचाची सही लागते. गुन्हेगार आज आमी हावोत. हे खरं हाय म्हणून सही कराले दोघं जण पायजेत. कोन येते?"

आता गंमत पाहा. पंच म्हटलं की पळणारी जमात ती. भाजीवाले तराजूकडे पाहू लागले. कोणी मोबाईल कानाला लावला. मोबाईलच्या पडद्यावर पाहणाऱ्यांचा आकडा वाढत होता आणि समोर एक माणूस पुढे येईना. आपा कागद धरून उभी. वामनराव पेला हातात घेऊन बसलेला.

"सरका बे," म्हणत गर्दीतून बाबाराव गावंडे आला. तोच, केबलवाला. "आपा, कुठी सही करू?"

"आधी बसा," आपा म्हणाली, आणि सारा बाजार हसला. हसू आल्यावर माणसं जरा सैल झाली. दुसरी आली कोपऱ्यात आंबाडीची भाजी विकणारी एक म्हातारी. "मले लिहिता येत नाई व बाई. आंगठा चालते का?"

"मावशी, या मोबाईलवर साऱ्या दुनियेचा आंगठाच तं चालते," आपा म्हणाली. म्हातारीनं कागदावर अंगठा उमटवला आणि शाईचं बोट लुगड्याला पुसत वामनरावाला म्हणाली, "भाऊ, माया पोराचा पंप गळते. उद्या आनू का?"

वामनरावानं मान हलवली. मग उठून त्यानं शटर वर केलं.

तासाभरात साहेबांचा फोन. ठाण्यात गेलो तर खोलीत वादळ. "डिलीट करा! आत्ताच्या आत्ता डिलीट करा!"

आपा शांतपणे म्हणाली, "करतो साहेब. एक मिनिट नाई लागनार. फक्त मले तसा हुकूम लिहून द्या, की निरपराध मानसाची मागितलेली माफी काढून टाका म्हणून. खाली तुमची सही."

साहेबांनी पेन उचललं, ठेवलं. मुख्यालयाला फोन लावला. मुख्यालयानं तोंडी सांगितलं, काढा. आपा म्हणाली, "त्याईले बी लिहून द्याले सांगा." आजपर्यंत कोणी लिहून दिलेलं नाही. व्हिडिओ तिथंच आहे, हलता असला तरी आहे.

पण खातं म्हणजे खातं. महिन्याच्या आत तिची बदली निघाली. अकोल्याला मुख्यालयात, शस्त्रागाराच्या गार्डवर. जिथं जनतेतलं कुत्रंही फिरकत नाही अशी जागा तिच्यासाठी शोधून काढली होती. पेजचा पासवर्ड तिनं साहेबांच्या हातात लिहून दिला. माठ ओट्यावरच ठेवला. "पानी रोज बदला," एवढं मला सांगितलं.

ती निघाली त्या दिवशी मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. ट्रंक टपावर चढवली, ती खिडकीत बसली. आणि नेमकी त्याच वेळी स्टँडमागच्या भंगाराच्या दुकानावर आमच्या लोकांनी धाड घातली होती. चोरीच्या मोटारी आणि केबल सापडली होती. माल पुढ्यात, साहेब हजर, आणि पंच मिळेना. शिपाई चौकभर फिरून हात हलवत परत आला. शेवटी साहेब स्वतः, सारं गाव पाहत असताना, वामनरावाच्या दुकानापुढे येऊन उभे राहिले. हे सारं एसटीच्या खिडकीतून दिसत होतं.

वामनरावाच्या हातात पंप होता. त्यानं तो खाली ठेवला. "येतो ना साहेब. कावून नाई येनार? पन आधी मायं एक काम करा."

"काय?"

"फोटो काढा. मले मधात उभं करा, कोपऱ्यात नोको. अन् मायं नाव तुमच्या मोबाईलनं गेल्तं, तं तुमच्याच मोबाईलनं लिहा, की हा पंच हाय. लिहून झालं की काळेभाऊ मोठ्यानं वाचून दाखवतीन. मंग मी सही करतो."

साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. भोवती गर्दी जमली होती. त्यात बाबाराव होता, आंबाडीवाली होती, ड्रायव्हरही बोनेटला टेकून पाहत होता. साहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग मोबाईल काढला. भंगाराच्या दुकानात मोटारींच्या मधोमध वामनराव छाती काढून उभा राहिला, डावीकडे-उजवीकडे खाकी. साहेबांनी लिहिलं. मी वाचलं, जमेल तेवढ्या मोठ्यानं, "फोटोत मध्यभागी उभे असलेले पंच, श्री. वामनराव इंगोले."

वामनरावानं पाना खिशात टाकला आणि सही करायला वाकला.

मागे एसटीनं हॉर्न दिला. मी वळून पाहिलं. आपानं हात केला नाही, रुमाल हलवला नाही. चष्मा नाकाच्या टोकावर आला होता, मान मोबाईलवर, उजव्या हाताचं एक बोट चाललेलं आणि ओठ हलत होते. म्हणजे ती लिहिताना म्हणत होती. गाडी अकोल्याच्या रस्त्याला लागली आणि धुरळ्यात दिसेनाशी झाली. आपाचं मला घडलेलं ते शेवटचं दर्शन.

साहेबांच्या हातातला मोबाईल वाजला. नव्या फोटोखाली पहिली कमेंट आली होती. मी त्यांच्या खांद्यावरून वाचली.

"बसा, ठाणेदार साहेब. पानी घ्या."

साहेबांनी ती काढून टाकली नाही.